रक्त घ्या, डबी मागू नका

माणूस बँकेत नोकरीला असला की लग्नाच्या पंगतीत त्याला कुणी बँकेतल्या गमती विचारत नाही. मी मात्र जिथे बसेन तिथे कुणी ना कुणी म्हणतंच, "नलूताई, तुमच्या लॅबमधलं काहीतरी सांगा ना!" आणि सांगायला लागले की तीच माणसं श्रीखंडाची वाटी बाजूला सारून "पुरे, पुरे!" करतात. आमची लॅब मलेरियाची आणि जंतांची. म्हणजे एका टेबलावर रक्त, दुसऱ्यावर शौचाच्या डब्या. अशा ठिकाणी किस्से शोधत जावं लागत नाही, ते रोज सकाळी दारात रांग लावून उभे असतात. पुष्कळसे हसण्याचे असतात. पण हल्ली माझं असं होतं, की सुरुवात हसत करते आणि गाडी दर वेळी एकाच घराशी जाऊन थांबते. आजही तिथेच थांबेल. आधीच सांगून ठेवते, मागाहून माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत!

तर नव्वदीची ती वर्षं. बनारसमध्ये इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. माणसं तीन. डॉक्टर इनामदार हे आमचे साहेब, मूळचे नागपूरकडचे. पांडेजी अस्सल बनारसी, तोंडात पान आणि डोळा मायक्रोस्कोपला. आणि तिसरी मी टेक्निशियन, दुर्गाघाटावरच्या मराठी गल्लीत जन्मलेली आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिलेली.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. मलेरियाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हुकवर्म नावाचा बारीक जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. एकाच माणसाला दोन्ही असले तर पुढच्या दाराने एक चोर आणि मागच्या दाराने दुसरा. आपण पुढचा पकडतो, ताप उतरतो, सगळे खूश! आणि माणूस काही उठून बसत नाही. म्हणून मलेरियाच्या प्रत्येक रोग्याचं शौच तपासायचं, असा त्यांचा हट्ट. पोटात जंत असले की मलेरिया बळावतो, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, उलट सौम्य होतो. साहेबांना विचारलं तर दोन्ही हात वर करायचे. "मला माहीत नाही बापा! म्हणून तर डबी मागतो."

पण काशीत डबी मागणं म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला काय कळणार!

*

चौकातले एक साडीवाले सेठजी. मलेरियाने खंगलेले. त्यांचा नोकर भगेलू डबी घेऊन आला. पाहिलं तर हुकवर्मची अंडीच अंडी! साहेबांनी गोळ्या दिल्या. पुन्हा डबी आली, पुन्हा अंडी. आणखी गोळ्या. पुन्हा अंडी. साहेब चक्रावले. सेठजींनी निरोप पाठवला, "गोळ्या खाऊन तोंडाची चव गेली, तुमची दुर्बीण खराब आहे."

शेवटी साहेबांनी भगेलूला समोर उभं केलं. "नमुना नीट आणतोस ना?"

"जी साहब. रोज सबेरे ताज़ा. हमारा अपना है."

"तुझा?"

"सेठजी बोले, ऐसा गंदा काम हम नहीं करेंगे, हमारी तरफ़ से तुम कर दो."

साहेब तडक दुकानात गेले, मीही सोबत होते. सेठजी जराही ओशाळले नाहीत. उलट समजावून सांगू लागले, "डॉक्टर साहब, हमारा मृत्युंजय जप पंडितजी करते हैं, पुरखों का श्राद्ध पंडाजी करवाते हैं. फल तो हमको ही मिलता है ना? तो फिर ये काम भगेलू क्यों नहीं कर सकता?"

या युक्तिवादावर काशीत उत्तर नाही! आम्ही पोट धरधरून हसलो.

मग साहेबांनी भगेलूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचं हसू थांबलं. पापणी पांढरीफटक. बोटातून रक्त घेतलं, तर मलेरियाही होता. तापात तो गठ्ठे उचलत होता, कुणाला पत्ता नाही. त्याला गोळ्या दिल्या, लोहाच्या दिल्या. पण थोड्या दिवसांनी तो गावी गेला तो परत आलाच नाही. सेठजींनी दुसरा नोकर ठेवला. त्यालाही ते भगेलूच म्हणायचे.

*

आता पांडेजी.

बनारसी माणसाला गंगेपलीकडच्या वाळूचं भारी वेड. पहाटे नाव करून पलीकडे जायचं, मोकळ्या हवेत शौच उरकायचं, अंघोळ करायची, भांग घोटायची आणि मग राजासारखं परत यायचं. त्याला ते 'बहरी अलंग' म्हणतात. पांडेजींची टोळी रोज जायची, आमच्या गल्लीतले पुरुषही जायचे, अर्थातच अनवाणी. गंगेकाठी वहाण कोण घालतो!

साहेबांनी एकदा त्यांना समजावलं, की त्या ओल्या वाळूत कुणीतरी आधी बसून गेलेलं असतं. अंड्यातून अळी निघते आणि अनवाणी माणसाच्या तळव्यातून आत शिरते. तिथून फिरत फिरत आतड्यात.

पांडेजींनी पानाची पिंक टाकली. "साहब, गंगा पार की रेती में कीड़ा? ई बात चौक में मत बोलिएगा, मल्लाह नाव में नहीं बैठाएगा!"

"तो अपनी डबी दीजिए."

"ये लीजिए, कल ही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचीच स्लाइड स्वतः लावली. मायक्रोस्कोपवर वाकले ते वाकलेच. पान चघळणं थांबलं. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "नलिनीजी, ज़रा देखिए तो. हमारी आँख कमज़ोर हो गई है क्या?"

डोळे ठणठणीत होते! त्यांनी मुकाट्याने गोळी घेतली, लोह घेतलं. पलीकडे जायचं मात्र सोडलं नाही. फक्त पायात निळी हवाई चप्पल आली. अख्ख्या नावेत ते एकटे चप्पलवाले. पोरं ओरडायची, "पांडेजी अंग्रेज हो गए!"

त्या हसणाऱ्यांत आमचा श्रीधर होता.

*

श्रीधर माझ्या माहेरच्या शेजारचा. सख्खा नव्हे, पण दर भाऊबीजेला पाट मांडायच्या आधी येऊन बसणारा. त्याचे वडील भाऊकाका, दुर्गाघाटावरचे जुने वैदिक. त्यांचा घसा बसला तो कायमचा, आणि तेव्हापासून घर श्रीधरच्या छातीवर चाललं होतं. अक्षरशः छातीवर. घनपाठ म्हणजे मंत्रातली पदं पुढे-मागे, उलटसुलट गुंफत म्हणायची, आणि त्याला दम लागतो. श्रीधरसारखा दम आमच्या गल्लीत कुणाचा नव्हता. लहानपणापासून तो पांडेजींच्या नावेतून पलीकडे जायचा आणि वाळूवर अनवाणी फेऱ्या घालत संथा म्हणायचा. वारा या तीराकडे असला की धुणं धुताना आम्हाला त्याचा आवाज ऐकू यायचा.

त्या वर्षी पूर ओसरला, घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ साचला आणि नेहमीप्रमाणे मलेरिया आला. श्रीधरला हुडहुडी भरली. मी घरी जाऊन बोटातून रक्त घेतलं, मलेरिया निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. पुन्हा आला, पुन्हा उतरला. श्रीधर मात्र उठेना. घाटाच्या पायऱ्या चढताना मध्ये तीनदा बसायचा. ओठ पांढरे, नखं पांढरी.

गल्लीत प्रत्येकाकडे कारण तयार होतं. त्याची आई म्हणायची, उपास फार करतो. शेजारी म्हणत, आवाजाला दृष्ट लागली. कुणी म्हणे, मलेरिया आहे, रक्त खाणारच.

साहेबांनी एकच विचारलं, "हा पलीकडे जातो का?"

मी डबी घेऊन भाऊकाकांकडे गेले. ते ओटीवर बसले होते. डबीकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्यापुढे विंचू ठेवलाय.

"रक्त हवं तेवढं घे, नले. रोज घे. पण हे आमच्या घरातून डबीत भरून जायचं नाही."

"का पण, भाऊकाका?"

"अगं, त्याच हातांनी तो देवाला शिवतो. ती डबी धरायची, भरायची, झाकण लावायचं, वर नाव लिहायचं! आणि नाव काय? वेदमूर्ती श्रीधरशास्त्री!"

मला हसू आवरलं नाही. तेही हसले. बसलेल्या घशातून त्यांचं हसू खरखरत यायचं. आतून श्रीधरची बायको उमा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तीही हसली. त्या दिवशी त्या ओटीवर आम्ही सगळे हसलो.

*

एकदा श्रीधर आपण होऊन लॅबमध्ये आला. धापा टाकत भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "नलूताई, माझ्या अंगात काय आहे ते मला दाखव."

मी त्याच्या रक्ताची स्लाइड लावली. तांबड्या पेशींत मलेरियाची बारीक कडी दिसतात. त्याने एक डोळा मिटून पाहिलं.

"अगं, किती नाजूक आहे! बाळाच्या कानातली बाळी जशी."

"तीच बाळी तुला घाटावर बसवते."

"आणि ते दुसरं? ज्याच्यासाठी तू भाऊंच्या मागे लागली आहेस?"

मी दुसऱ्याच कुणाच्या तरी नमुन्यातलं हुकवर्मचं अंडं दाखवलं. काचेसारखं पारदर्शक, आत चार भाग पडलेले. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. पांडेजी मागून म्हणाले, "शास्त्रीजी, डरिए मत, हमरे पेट में भी यही था. दो गोली में साफ़!"

श्रीधरने डोळा काढला. "माझ्यातही असेल?"

"डबी दे, संध्याकाळी सांगते."

लग्न झालेला माणूस, सभेत भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा! पदराच्या टोकाशी चाळा करणाऱ्या मुलीसारखा उपरण्याशी चाळा करत म्हणाला, "भाऊंना विचारून सांगतो."

पांडेजींनी कपाळावर हात मारला.

*

साहेब शेवटी वैतागले. "डबी राहू द्या बापा! न तपासताच गोळी द्या. नसले जंत तरी नुकसान काही नाही."

मी गोळी घेऊन गेले, लोहाच्या गोळ्याही नेल्या. भाऊकाका म्हणाले, "तापाचं औषध मी त्याला कधी नको म्हटलं? ताप मोठ्यामोठ्यांना येतो. जंत शेंबड्या पोरांना होतात."

तरी मी हटेना. तेव्हा खरं कारण बाहेर आलं. कार्तिकात वेदसभा होती. तिथे श्रीधरचं घनपारायण व्हायचं होतं, आणि ते नीट पार पडलं तर त्याला पाठशाळेत कायमची जागा मिळणार होती. भाऊकाकांनी त्याच्याकडून अनुष्ठान सुरू करवलं होतं. तोवर व्रताचं हविष्यान्नच खायचं, बाहेरचं काही पोटात जायचं नाही. त्यांनी गोळ्या कागदात बांधल्या आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या. "अनुष्ठान संपलं की पहिली ही देईन. माझा शब्द."

मी निघाले तशी उमा मागोमाग गल्लीत आली. अंगावर पोर, डोळ्यांत पाणी. "ताई, चोरून दुधात घालू का?"

"घाल," मी म्हटलं. "कुटून घाल."

दुसऱ्या दिवशी ती नळावर भेटली. मान खालीच. म्हणाली, "एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. रागावले नाहीत हो. म्हणाले, एवढा महिना निघू दे उमा, भाऊंचा शब्द आहे."

*

सभेला मी गेले होते. बायकांना मागे जागा होती. समोर दक्षिणेतले, महाराष्ट्रातले वैदिक बसलेले. भाऊकाका श्रीधरच्या उजव्या हाताला, नवं धोतर, ताठ पाठ.

श्रीधरने सुरुवात केली आणि सभा निवांत झाली. इतका सुंदर म्हणत होता! माझ्या शेजारच्या बाईने डोळे मिटले. मग आवाज जरा हलला. त्याने श्वास घेतला, जिथे घ्यायचा नसतो तिथे. पुढे गेला. पुन्हा घेतला. त्याच्या मानेची शीर मला मागून दिसत होती, ताडताड उडत होती. आणि एका पदावर तो थांबला. विसरला नव्हता. ओठ हलत होते, छातीत वारा नव्हता.

तेवढ्यात भाऊकाकांनी तुटलं होतं तिथूनच पद उचललं. फाटलेला, घोगरा आवाज. धड ऐकू येत नव्हतं. पण एक अक्षर चुकलं नाही. श्रीधर त्यांच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात सोबत म्हणत राहिला. शेवटपर्यंत म्हाताऱ्याने ओढत नेलं.

सभेच्या अध्यक्षांनी उठून दोघांनाही शाल घातली. पाठशाळेच्या जागेचं कुणी काही बोललं नाही.

घरी आल्याबरोबर भाऊकाकांनी कोनाड्यातली पुडी काढली आणि स्वतःच्या हाताने श्रीधरला गोळी दिली. शब्दाचे पक्के होते. त्याच आठवड्यात त्याला पुन्हा हुडहुडी भरली.

*

या वेळचा मलेरिया निराळा होता, डोक्यात जाणारा. श्रीधरला इस्पितळात आणला तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. साहेबांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "रक्त उरलंच नाहीये याच्यात. बाहेरून द्यावं लागेल, आजच्या आज."

मी गल्लीत निरोप पाठवला. आमच्या गल्लीचा मोठेपणा सांगते, तासाभरात सगळे पुरुष हजर! पूजा अर्धी टाकून आलेले, कुणी सोवळ्यातच. श्रीधरच्या गटाचं रक्त असणारे निवडून एका रांगेत उभे केले.

रक्त घेण्याआधी एक साधी परीक्षा असते. मोरचुदाचं निळं पाणी एका भांड्यात घ्यायचं आणि माणसाच्या रक्ताचा एक थेंब त्यात सोडायचा. रक्त दमदार असलं तर थेंब तळाला जातो. पातळ असलं तर वरच तरंगतो, आणि तरंगला तर त्या माणसाचं रक्त घेत नाहीत.

सगळ्यांच्या पुढे भाऊकाका. मी म्हटलं, "तुमचं वय झालंय." ते म्हणाले, "थेंब तर सोड." सोडला. तरंगला.

मग श्रीधरचा चुलतभाऊ, चांगला दंड-बैठका काढणारा. तरंगला. समोरच्या घरातले गुरुजी. तरंगला. त्यांचा मुलगा. तरंगला. माझा स्वतःचा धाकटा भाऊ, ज्याला मी रोज बघत होते! तरंगला. निळ्या पाण्यावर लाल थेंब फिरत राहायचे आणि माणूस माझ्या तोंडाकडे बघायचा. कुणीतरी वैतागून म्हणालं, "पाणी बदल गं, खराब झालंय." मी पाणी बदललं. पुढचाही तरंगला.

रांगेच्या शेवटी पांडेजी. हवाई चप्पल घालून. त्यांचा थेंब सरळ तळाला गेला.

त्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाही वर करत म्हणाले, "पूरी बोतल ले लीजिए नलिनीजी. दो ले लीजिए." आणखी एक बाटली एका शिकाऊ डॉक्टरने दिली.

रक्त चढलं. ओठांवर जराशी लाली आली. उमाला वाटलं, उठणार आता. पण इतके महिने पातळ रक्त ओढून ओढून हृदय थकलं होतं. पहाट झाली आणि श्रीधर गेला.

मी साहेबांना विचारलं, "गोळी आधी पोटात गेली असती तर?"

ते टेबलाशी बसले होते, डोकं हातात धरून. "वाचला असता असं मी शपथेवर नाही सांगू शकत, नलूताई. दोघांपैकी कुणी मारलं तेही नाही सांगू शकत. पण त्याला दोघांशी एकट्याने लढायला लागायला नको होतं."

मणिकर्णिकेवर मी गेले नाही. आमच्यात बायका जात नाहीत. गच्चीवरून त्या बाजूचा धूर दिसतो, पण तो तर रोजच दिसतो. उमाच्या पोराला मी मांडीवर घेऊन बसले होते. ते सारखं दाराकडे बोट दाखवत होतं.

*

आता शेवटचं. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलंय.

क्रियेला श्रीधरचा चुलतभाऊ बसला होता, पोर तान्हं, आणि बाप मुलाची क्रिया करत नाही म्हणून. सुतक चालू होतं. चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट असेल. सकाळी मी, पांडेजी आणि साहेब लॅबमध्ये काम करत होतो, काम म्हणजे नुसतंच स्लाइडी पुसत होतो. दारात कुणीतरी उभं राहिलं. बघते तर भाऊकाका. अनवाणी, दाढी वाढलेली, उघड्या अंगावर पंचा. हातात एक मोठी टोपली, वर केळीचं पान झाकलेलं.

"नले," ते म्हणाले, "तुझ्या साहेबांना हवं होतं ते आणलंय."

त्यांनी पान उचललं. आत डब्या होत्या. माझ्या लॅबमधल्या नव्हेत. कुंकवाच्या रिकाम्या, तंबाखूच्या, औषधाच्या, पोरांच्या काजळाच्या, जी मिळाली ती. प्रत्येकीला दोरा बांधलेला आणि दोऱ्यात चिठ्ठी, वळणदार देवनागरी अक्षरात घराचं आणि माणसाचं नाव. पहिल्या चिठ्ठीवर त्यांचं स्वतःचं होतं, वेदमूर्ती वगैरे काही न लावता. मग उमाचं. मग पोराचं. मग आमची गल्ली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माझ्या सासरचीसुद्धा!

पांडेजींनी विचारलं, "पंडितजी, ये सब लोगों ने दिया कैसे?"

"दारोदार जाऊन मागितलं," भाऊकाका माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाले. "सुतकी माणसाला आत जाता येत नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. भिक्षुकाला मागायची लाज कसली? जे देईनात त्यांच्या दारातून हललो नाही."

"आणि हे सगळं तुम्ही हाताने..."

"हो. झाकणं मीच लावली. बायाबापड्यांना कुठे जमतं!"

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "भाऊ, बसा. आधी बसा."

भाऊकाका एक पाऊल मागे सरले. टोपली त्यांनी उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवली, साहेबांचा हात लागणार नाही अशा बेताने.

"बसत नाही. तुम्हाला विटाळ होईल. ब्रह्माघाटाकडची घरं राहिलीत, ती उद्या आणतो." मग म्हणाले, "दहावा होईपर्यंत रोज येईन. देवाला शिवायचं नाही, संध्या नाही, पूजा नाही, हे हात मोकळे आहेत. तेवढ्यात काय ते करून घ्या, डॉक्टर. एकदा शुद्ध झालो की माझ्याच्याने हे व्हायचं नाही."